मेक्सिकोतलं पुएब्ला: खाण्याबद्दल आणि पाहण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुएब्ला नेमकं कुठे आहे आणि तिथे काय विशेष?

मेक्सिको सिटीच्या आग्नेयेला साधारण 130 किलोमीटरवर, समुद्रसपाटीपासून 2,100 मीटरहून जास्त उंचीवर हे शहर आहे. स्पॅनिशांनी ते 1531 मध्ये वसवलं. जुनं नगर पाडून त्यावर उभं केलेलं हे शहर नाही. व्हेराक्रूझ बंदर आणि राजधानी यांच्या वाटेवर स्पॅनिश वसाहतकारांसाठी मोकळ्या जागेवर मुद्दाम आखलेलं शहर आहे. म्हणून रस्ते काटकोनात जातात आणि चालताना चुकायला फारसं होत नाही.

या वाटेवर असण्यानेच पुएब्ला घडलं. व्हेराक्रूझकडून स्पेनचे बदाम, मनुका, तीळ आणि गहू आले. पॅसिफिककडच्या आकापुल्कोला मनिलाची गलबतं लागायची, त्यांतून चिनी मातीची भांडी, रेशीम, दालचिनी आणि लवंग आली. मका, मिरची, टोमॅटो, कोको आणि टर्की हे सगळं इथल्या मातीतलं होतं. हा सगळा माल पुएब्लाच्या स्वयंपाकघरांत आणि भिंतींवर आजही दिसतो. इथे खाणं आणि इमारती वेगवेगळ्या पाहता येत नाहीत, आणि माझ्या मते तेच या शहराचं मोठेपण आहे. जुना मध्यभाग 1987 पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे.

मेक्सिको सिटीहून एका दिवसात जाऊन येता येईल का?

बसने दोन-अडीच तास लागतात, तेव्हा जमेल. पण करू नका. पुएब्लातल्या पदार्थांना आपापली वेळ आहे. सेमिता, म्हणजे तीळ लावलेला भरलेला पाव, खावी ती सकाळी उशिरा, बाजारात. मोले, म्हणजे सुक्या मिरच्यांचा दाट रस, दुपारी दोन ते चारमध्ये, कारण दिवसाचं मुख्य जेवण तेव्हाच असतं. चालुपा (चरबीत परतलेल्या छोट्या पोळ्या) आणि मोलोते (सारण भरून तळलेले मक्याच्या पिठाचे लांबट वडे) संध्याकाळी, आणि ताकोस आराबेस (रोटीत गुंडाळलेलं भाजलेलं मांस) रात्री. एका दिवसाच्या सहलीत दुपारचं एक जेवण मिळतं, तेही घड्याळाकडे बघत. निदान दोन रात्री राहा. शेजारचं पिरॅमिडचं गाव चोलुला पाहायचं असेल तर तीन.

कोणत्या महिन्यात जावं?

मला विचाराल तर ऑगस्टमध्ये. पाऊस असतो, पण तो बहुतेक दुपारनंतर येतो आणि सकाळ मोकळी मिळते. ऑगस्टचा आग्रह चिलेस एन नोगादासाठी, म्हणजे अक्रोडाच्या सॉसमधल्या भरल्या मिरचीसाठी, आहे. त्याला लागणारे ताजे अक्रोड, डाळिंब, इथली छोटी सफरचंदं, नाशपती आणि पीच हे सगळं एकाच वेळी फक्त जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत बाजारात असतं. बाकीच्या महिन्यांत कुणी देत असेल तर तो साठवणीच्या मालावर केलेला असतो.

जवळच्या पोपोकातेपेत्ल ज्वालामुखीचं शिखर स्वच्छ दिसावं अशी इच्छा असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. हवा कोरडी असते, पण रात्री चांगलंच गारठतं. स्वेटर हवाच.

मोले पोब्लानो म्हणजे चॉकलेटची ग्रेव्ही ना?

नाही. हा गैरसमज इतका पसरला आहे की लोक गोड सॉस समजून पहिला घास घेतात आणि गोंधळतात. मोलेत चॉकलेट असतं, पण थोडंच, मिरचीचा कडवटपणा आणि आंबटपणा सांधण्यापुरतं. मोले ही मुळात सुक्या मिरच्यांची करामत आहे. मुलातो, आंचो, पासिया या मिरच्या आणि बऱ्याचदा चिपोत्ले. बिया काढायच्या, चरबीत परतायच्या, पण करपू द्यायच्या नाहीत. तीळ, बदाम, शेंगदाणे, मनुका, पिकलेलं मोठं केळं, तळलेला तोर्तिया (मक्याची पातळ पोळी), टोमॅटो, दालचिनी, लवंग, मिरी, बडीशेपेसारखा अनीस, यांतला प्रत्येक जिन्नस वेगळा भाजायचा किंवा परतायचा. मग सगळं वाटून तासन्‌तास शिजवायचं. वऱ्हाडी किंवा कोल्हापुरी काळ्या रश्श्यासाठी ज्यांनी खोबरं, कांदा, तीळ, खसखस वेगवेगळी भाजून वाटली आहेत, त्यांना मोलेची रीत पहिल्या घासातच ओळखीची वाटेल. चव मात्र पूर्ण वेगळी आहे: आधी भाजलेली मिरची, मग मनुकेचा गोडवा, मग तीळ, आणि घशाशी उरणारा कोकोचा किंचित कडूपणा.

परंपरेने मोले टर्कीवर वाढतात. आता हॉटेलांत बहुतेक कोंबडी असते. वरून भाजलेले तीळ, बाजूला भात आणि तोर्तिया.

सान्ता रोसाच्या मठात एका जोगिणीने मोले शोधलं, ही गोष्ट खरी आहे का?

गोष्ट जुनी आणि लाडकी आहे. सोर आंद्रेया दे ला आसुन्सिओन नावाच्या जोगिणीने बड्या पाहुण्यासाठी घाईने हे मोले रांधलं असं सांगतात. त्या मठाचं स्वयंपाकघर आजही पाहता येतं आणि ते पाहाच. भिंती, छत, चुली, सगळं निळ्या-पांढऱ्या-पिवळ्या फरशांनी मढवलेलं आहे.

पण मिरच्या, बिया आणि कोको वाटून केलेले दाट रस स्पॅनिश येण्याच्या कितीतरी आधीपासून या भूमीत होत होते. मठाच्या स्वयंपाकघरांत दगडी पाट्यावर वाटायला बसलेल्या बायका मुख्यतः स्थानिक आदिवासी समाजांतल्या होत्या, काही गुलाम म्हणून आणलेल्या होत्या. त्यांची नावं कुठे नोंदलेली नाहीत. जोगिणींचा वाटा मोठा आहे. स्पेनचे आणि आशियाचे जिन्नस या रसांत मिसळले ते त्यांच्या चुलींवरच. तरी त्या खोलीत उभं राहिल्यावर मला सर्वांत आधी तिथला पाटा आठवतो आणि त्यामागची ती बिननावाची माणसं.

चिलेस एन नोगादा कसा असतो?

हिरवी, मोठी पोब्लानो मिरची भाजून सोलतात. आत खिमा भरतात, त्यात सफरचंद, नाशपती, पीच, मनुका, बदाम आणि दालचिनी. वरून सोललेल्या ताज्या अक्रोडांचा पांढरा, गार सॉस, डाळिंबाचे दाणे आणि पार्सलीची पानं. हिरवा, पांढरा, लाल: मेक्सिकोच्या झेंड्याचे रंग. 1821 मध्ये स्वातंत्र्याचा करार करून आगुस्तिन दे इतुर्बिदे पुएब्लात आला, तेव्हा 28 ऑगस्टच्या संत ऑगस्टीनच्या दिवशी सान्ता मोनिकाच्या जोगिणींनी त्याच्यासाठी हा केला, असं परंपरा सांगते.

मिरचीला फेटलेल्या अंड्याचं आवरण द्यायचं की नाही यावरून पुएब्लातल्या घराघरांत वाद आहेत. जुन्या वळणाच्या बायका आवरणाशिवायच्या मिरचीला अपुरी समजतात. मला आवरणाचीच आवडते, कारण ते सॉस धरून ठेवतं. अक्रोडाची प्रत्येक पातळ साल हाताने काढावी लागते, नाहीतर सॉस कडू होतो. म्हणून हा पदार्थ स्वस्त नसतो आणि नसावा.

आम्ही शाकाहारी आहोत. उपाशी राहू का?

नाही, पण विचारून खावं लागेल. तीन ठिकाणी मांस लपतं. वाटलेल्या घेवड्यात डुकराची चरबी असते, तिला तिथे मान्तेका म्हणतात. भात बऱ्याचदा कोंबडीच्या पाण्यात शिजवलेला असतो. मोलेही तशाच पाण्यात सैल केलेलं असतं, त्यामुळे 'मोले घाला, कोंबडी नको' एवढ्याने काम होत नाही. शिवाय नुसतं 'सिन कार्ने' म्हणजे मांस नको म्हटलं, तर काही ठिकाणी कोंबडी किंवा हॅम चालेल असं समजतात. 'सिन कार्ने, सिन पोयो, सिन हामोन, सिन मान्तेका' असं एका दमात सांगायला शिका.

काय खाल? भोपळ्याच्या फुलांची केसादिया, म्हणजे सारण भरून दुमडलेला तोर्तिया, आणि पावसाळ्यात मक्याच्या कणसावर येणाऱ्या काळ्या बुरशीची, म्हणजे वित्लाकोचेची. ही बुरशी तिथे मोलाची भाजी समजतात, चव मातकट, मशरूमच्या जवळची. त्लाकोयो हा निळ्या मक्याचा लांबट, जाड तुकडा, आत घेवडा किंवा बाकला भरलेला आणि तव्यावर भाजलेला. वर निवडुंगाच्या पानांची भाजी, नोपालेस. मिरचीच्या पट्ट्या आणि साय घातलेल्या राहास. नुसत्या केसियो चीजची सेमिता. रस्त्यावर उकडलेल्या मक्याचे दाणे लिंबू आणि तिखट घालून. त्यात मेयोनेज घालतात, अंडं न खाणाऱ्यांनी तेही नको म्हणून सांगावं.

कांदा-लसूण न खाणाऱ्यांसाठी खरंच अवघड आहे. त्यांनी स्वयंपाकघर असलेली खोली घ्यावी. बाजारात पपई, पेरू, सीताफळ, रताळी, ॲव्होकाडो आणि ताजे तोर्तिया उत्तम मिळतात.

रस्त्यावरचं काय चुकवू नये?

सेमिता सर्वांत आधी. तीळ लावलेला, वरून कडक आणि आतून हलका पाव, त्यात पातळ तळलेलं मांस, तारा निघतील असं चीज, ॲव्होकाडो, चिपोत्ले मिरची आणि पापालो नावाची उग्र पानं. पापालोचा वास कोथिंबिरीहून कितीतरी तीव्र असतो. काहींना तो अजिबात सोसत नाही. पण तो काढून टाकला की सेमिता साधं सँडविच होते. निदान एकदा तरी पानांसकट खा.

ताकोस आराबेस ही पुएब्लाची देणगी जगाला कमी माहीत आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत पश्चिम आशियातून आलेल्या कुटुंबांनी उभ्या सळईवर मांस भाजायची आपली रीत इथे आणली. मटणाच्या जागी डुकराचं मांस आलं, पिटासारखी रोटी मात्र राहिली. मेक्सिकोभर गाजलेले ताकोस आल पास्तोर याच घराण्यातले. आपल्यापैकी जे डुक्कर खात नाहीत त्यांनी आधी विचारावं, कारण इथे मुख्य मांस तेच असतं.

चालुपा म्हणजे चरबीत परतलेले छोटे तोर्तिया, वर हिरवी किंवा लाल साल्सा, मांसाचे तंतू आणि कांदा. चटकन संपतात, पुन्हा मागवावे लागतात.

तिखट झेपेल का?

महाराष्ट्रातल्या माणसाला सहज. मोले आणि नोगादा जाळ करत नाहीत. टेबलावरच्या हाबानेरो या जहाल मिरचीच्या साल्साला मात्र आधी चमच्याच्या टोकाने चाखा.

मिरची आणि मका आपल्याकडे तिथूनच आले का?

हो. दोन्ही मेक्सिकोत माणसाळले, आणि पोर्तुगीज जहाजांनी ते आपल्या किनाऱ्यावर आणले. गोव्याच्या मिरचीचा वंश तिथला. पुएब्ला राज्याच्या दक्षिणेला तेवाकानचं कोरडं खोरं आहे. 1960 च्या दशकात तिथल्या गुहांतून पुरातत्त्वज्ञांनी पाच हजार वर्षांहून जुनी मक्याची चिमुकली कणसं काढली. बोटाच्या पेराएवढी कणसं. त्यांच्यापासून आजचा मका घडवायला शेतकऱ्यांच्या किती पिढ्या लागल्या असतील, याचा विचार तोर्तिया खाताना मनात येतोच.

मक्याच्या या कहाणीत एक मराठी माणूसही आहे. वर्ध्यात जन्मलेले, गदर चळवळीतले क्रांतिकारक पांडुरंग खानखोजे. इंग्रजांमुळे मायदेशी परतता येत नव्हतं, तेव्हा 1920 च्या दशकात ते मेक्सिकोत पोहोचले, चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात शिकवू लागले, मक्याच्या सुधारित वाणांवर काम केलं आणि गरीब शेतकऱ्यांसाठी मोफत शेतीशाळा चालवल्या. चित्रकार दिएगो रिवेराने मेक्सिको सिटीतल्या शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर, भाकरी वाटून घेणाऱ्या माणसांच्या चित्रात, त्यांना रंगवलं आहे. पुएब्लाला जाता-येता राजधानीत थांबणार असाल तर हे भित्तिचित्र मुद्दाम शोधा. 1967 मध्ये नागपुरात त्यांचं निधन झालं. त्यांचं नाव महाराष्ट्रात फार कमी लोकांना ठाऊक आहे याचं मला मनापासून वाईट वाटतं.

शहरात काय पाहावं?

सोकालो म्हणजे मुख्य चौक, तिथून सगळं चालत जाता येतं. पत्ते एकदा समजून घ्या. पूर्व-पश्चिम रस्त्यांना ओरिएन्ते आणि पोनिएन्ते, उत्तर-दक्षिण रस्त्यांना नोर्ते आणि सूर असे क्रमांक आहेत. चौकाच्या उत्तरेचे आडवे रस्ते सम, दक्षिणेचे विषम. मिठाईसाठी 6 ओरिएन्ते म्हटलं की कुठे वळायचं ते लगेच कळतं.

कॅथीड्रलचं बांधकाम 1575 मध्ये सुरू झालं आणि 1649 मध्ये बिशप हुआन दे पालाफोक्स यांच्या काळात त्याचा अभिषेक झाला. बाहेरून करडं, गंभीर. मनोरे सुमारे 70 मीटर उंच.

मला त्याहून जवळचं वाटतं ते शेजारचं पालाफोक्सियाना ग्रंथालय. 1646 मध्ये पालाफोक्स यांनी आपली 5,000 पुस्तकं देऊन टाकली, आणि अट घातली की ती फक्त पाद्र्यांसाठी नाहीत, वाचता येणाऱ्या कुणालाही ती खुली असावीत. आज तिथे 45,000 हून अधिक ग्रंथ आहेत. तीन मजली लाकडी कपाटं, मधोमध झुकती मेजं, जुन्या कागदाचा आणि लाकडाचा वास. पुस्तकांना हात लावता येत नाही. तरी तिथल्या शांततेत अर्धा तास बसून राहा.

सान्तो दोमिंगो चर्चमधलं रोसारिओचं चॅपल 1690 मध्ये पूर्ण झालं. आत शिरल्यावर डोळे दिपतात. चुन्याच्या नक्षीवर सोन्याचा वर्ख, आणि भिंतीचा इंचही मोकळा नाही. वेली, देवदूत, फळं. हे सोनं कुणाच्या श्रमातून आलं हे विसरू नये, पण नक्षीकामाचं कौशल्य पाहताना मान वर झुकलेलीच राहते. सकाळी लवकर जा, तेव्हा गर्दी नसते.

क्रांतिकारक आकिलेस सेर्दान यांचं घर बघाच. मेक्सिकन क्रांतीची पहिली चकमक 18 नोव्हेंबर 1910 ला इथे झडली आणि दर्शनी भिंतीवरच्या गोळ्यांच्या खुणा तशाच ठेवल्या आहेत. 5 मे 1862 ला फ्रेंच सैन्याला जनरल इग्नासिओ सारागोसा यांनी ज्या टेकडीवर रोखलं, तिथले लोरेतो आणि ग्वादालुपेचे किल्ले थोडे दूर आहेत. शनिवार-रविवारी सापोस गल्लीत जुन्या वस्तूंचा बाजार भरतो.

पुएब्लात कुणी भारतीय स्त्री पूजली जायची म्हणतात, ते खरं का?

खरं. कातारिना दे सान हुआन. ती मुघल मुलखातली असल्याचं सांगितलं जातं. लहानपणी पोर्तुगीज चाच्यांनी पळवली, कोचीनला नेली, मग मनिलाच्या गुलामबाजारातून आकापुल्कोमार्गे पुएब्लात आणून विकली. पुढे ती मुक्त झाली, तपस्विनीसारखी राहिली आणि तिच्या दृष्टान्तांमुळे लोक तिला संत मानू लागले. 1688 मध्ये ती वारली तेव्हा अंत्ययात्रेला मोठी गर्दी लोटली. काही वर्षांतच धर्मन्यायालयाने तिच्या प्रतिमांची पूजा बंद केली. ला कोम्पान्यिया या जेझुइटांच्या चर्चमध्ये तिची स्मृती जपली आहे. 'चीना पोब्लाना' हा झगमगीत पोशाख तिच्यावरून आला असं म्हणतात, पण तो पोशाख कितीतरी नंतरच्या शतकातला आहे. आपल्या बाजूच्या किनाऱ्यावरून उचललेल्या त्या मुलीला परतीची वाट कधीच मिळाली नाही. तिथे गेलात तर क्षणभर थांबा.

चोलुलाला वेगळा दिवस द्यावा का?

हो. चोलुलाचा पिरॅमिड आकारमानाने जगातला सर्वांत मोठा मानला जातो, तळाची बाजू सुमारे 400 मीटर. दुरून मात्र झाडांनी झाकलेली टेकडी दिसते, आणि माथ्यावर स्पॅनिशांनी बांधलेलं पिवळं चर्च. 1519 मध्ये स्पॅनिश सेनानी कोर्तेसच्या सैन्याने चोलुलात नि:शस्त्र लोकांची कत्तल केली होती. चर्चच्या अंगणातून, हवा स्वच्छ असेल तर, धुराची शेपटी सोडणारा पोपोकातेपेत्ल दिसतो.

जवळच तोनान्त्सिंत्ला गावात सान्ता मारियाचं चर्च आहे. रोसारिओच्या चॅपलहून मला हे जास्त आवडतं. इथले देवदूत सावळे आहेत, काहींच्या डोक्यावर पिसांचे मुकुट आहेत, भोवती इथलीच फळं आणि पानं. गावच्या कारागिरांनी परक्या धर्माच्या घरात आपले चेहरे कोरले. आत फोटो काढू देत नाहीत. शेजारच्या आकातेपेकच्या चर्चचं दर्शनी अंग पूर्ण रंगीत फरशांचं आहे, ते बाहेरून मनसोक्त टिपा.

ज्वालामुखी आणि भूकंपाचं काय?

पोपोकातेपेत्ल 1994 पासून जागा आहे. त्यावर चढायला बंदी आहे, आणि राख पडली तर विमानं अडतात. 19 सप्टेंबर 2017 च्या 7.1 तीव्रतेच्या भूकंपात पुएब्ला भागातली कितीतरी चर्चं तडकली. बाहेर पडण्याच्या वाटा हॉटेलात पोहोचताच पाहून ठेवा.

व्हिसा आणि बाकीच्या व्यावहारिक गोष्टी?

भारतीय पासपोर्टवर अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, जपान किंवा शेंगेनचा चालू व्हिसा असेल तर मेक्सिकोत पर्यटक म्हणून वेगळा व्हिसा लागत नाही. अमेरिकेत राहणाऱ्यांनी लक्षात ठेवावं, शिक्क्याची मुदत संपलेली नसावी. नियम बदलतात, म्हणून निघण्याआधी दूतावासाच्या संकेतस्थळावर पाहा.

मेक्सिको सिटीच्या विमानतळावरूनच पुएब्लाला थेट बस मिळते. नळाचं पाणी पिऊ नका. हॉटेलात 10 ते 15 टक्के टिप द्यायची पद्धत आहे. बाजारात रोख पेसो लागतात. पहिल्या दिवशी उंचीमुळे दम लागला तर जेवण हलकं ठेवा आणि किल्ल्यांची टेकडी दुसऱ्या दिवसावर टाका.

घरी काय आणावं?

6 ओरिएन्तेवरून कामोतेस, म्हणजे रंगीत कागदात गुंडाळलेल्या रताळ्याच्या कांड्या, आणि सान्ता क्लाराच्या तोर्तितास: भोपळ्याच्या बियांची गोड साय लावलेली बिस्किटं. दोन्ही मठांच्या स्वयंपाकघरांतून आलेली. तोर्तितास प्रवासात तुटतात, डब्यात ठेवा.

भांडी घ्यायची तर तालाव्हेरा. दोन प्रकारची माती मिसळून मुरवतात, चाकावर घडवतात, भाजतात, कथिलाच्या पांढऱ्या लुकणात बुडवतात, हाताने रंगवतात आणि पुन्हा भाजतात. निळा रंग कोबाल्टचा. रंगवलेल्या भागावर बोट फिरवलं तर तो किंचित उंचावलेला लागतो. स्पेनमधून आलेलं हे तंत्र मनिलाच्या गलबतांतून आलेल्या चिनी भांड्यांच्या नक्षीने समृद्ध झालं. 2019 मध्ये युनेस्कोने स्पेन आणि मेक्सिको दोघांच्या या कारागिरीला अमूर्त वारशात स्थान दिलं. रस्त्यावर तालाव्हेरा म्हणून स्वस्तात मिळणारं बहुतेक सगळं साध्या मातीवर छापील रंगाचं असतं. खऱ्या भांड्याच्या बुडाशी कार्यशाळेचं नाव आणि पुएब्लाचा उल्लेख असतो. किंमत जास्त वाटली तर एखादी छोटी वाटी किंवा एकच फरशी घ्या, पण कार्यशाळेत जाऊन, रंगवणाऱ्यांचे हात बघून घ्या.